समीरच्या गळ्यातला हार

माझ्या आईच्या फोटोला मी अजून हार घातलेला नाही. तिला जाऊन पाच वर्षं झाली. घरी आपल्याकडचं कुणी आलं की त्यांची नजर आधी शेल्फकडे जाते, मग माझ्याकडे, आणि एखादी मावशी विचारतेच, "अगं मित्रा, साधी दोन फुलं तरी?" मी चहा टाकायला उठते. माझा मुलगा पाहुण्यांना समजावतो, "मॉम हॅज अ थिंग अबाउट इट." थिंग म्हणे. ते काय आहे हे सांगायचं तर मला जर्सीतल्या आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर जावं लागेल. तिथे दिवसभर शिवणाचं मशीन चालायचं, आणि तिथल्याच एका माणसाला, जो कागदावर का होईना पण जिवंत होता, मी सतरा वर्षांची असताना मारलं. "तू फार नाटकी बोलतेस," असं आई म्हणायची. असेन. पण त्या वेळी मी जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही, म्हणून आता बोलते.

घर लाकडी होतं, दोन मजल्यांचं, एडिसनपासून गाडीने पंधरा मिनिटांवर. वर आम्ही तिघं, म्हणजे बाबा, आई आणि मी, आणि खाली नजलामावशी. 'आंटी' दुकानातल्या बायांना म्हणायचं, घरात राहणाऱ्या बाईला मावशीच म्हणायचं, असं आईने पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. बाबा रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते, त्यांच्या नखांच्या कडेला कायम कसला ना कसला रंग असायचा. आई नागपुरात शाळेत गणित शिकवायची आणि इथे एका डे-केअरमध्ये दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसायची. त्याबद्दल ती कधी कुरकुरली नाही, पण माझी गणिताची वही तपासताना तिचा आवाज वेगळाच यायचा. घराची जमीन इतकी पातळ की खालचं सगळं वर ऐकू यायचं. सकाळी लांब दांड्याच्या भांड्यात कॉफी ढवळल्याचा आवाज, मग रेडिएटरच्या पाइपाशेजारच्या फटीतून वेलचीचा वास, मग मशीन. नजलामावशी एका ड्रायक्लीनरसाठी घरी बसून काम करायची. पँटी आखूड करणं, झिपा बदलणं, लग्नाचे गाऊन कमरेत आत घेणं. मशीन मध्येच थांबलं की आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "लिहून राहिली वाटते."

कारण ती कवी होती. लेबनॉनहून आलेली, तिकडे तिची तीन पुस्तकं निघालेली. आम्हाला हे कळायला वर्ष लागलं, कारण विचारलं की ती फक्त "मी शिंपीण" एवढंच सांगायची. आईची आणि तिची दोस्ती झाली ती भांड्यांवरून. आईने एकदा पाटवडीचा रस्सा डब्यात घालून खाली पाठवला. डबा परत आला तेव्हा त्यात मसूर आणि तांदळाची खिचडी होती, वर काळपट होईपर्यंत तळलेला कांदा. आईने चाखून पाहिलं आणि म्हणाली, "ही तर आपलीच खिचडी आहे, फक्त कांदा जाळला." मग तोच स्टीलचा डबा, झाकणावर माझ्या आजीचं नाव कोरलेला, वर्षानुवर्षं जिन्यावरून खाली-वर करत राहिला. रिकामा तो कधीच गेला नाही. एकदा घरात काहीच नव्हतं तर आईने त्यात चार सांडग्या मिरच्या घातल्या, आणि नजलामावशीने त्या नुसत्याच खाल्ल्या आणि दिवसभर पाणी पीत बसली.

दोघी एकमेकींशी इंग्रजीत बोलायच्या, दोघींचंही मोडकं. पण एक गोष्ट दोघींनी कधीच केली नाही. आईने तिला तिचं आडनाव विचारलं नाही आणि तिने आम्हाला आमचं. आपल्याकडे आडनाव विचारणं म्हणजे काय विचारणं असतं हे आमच्या घरात सांगायला लागत नव्हतं. नजलामावशीकडे काय असतं ते आम्हाला तिच्या भावावरून कळलं. समीर नाव त्याचं. तिच्याहून तेरा वर्षांनी लहान, आई लवकर गेल्यामुळे हिनेच वाढवलेला. तिकडे युद्ध चालू असताना बावीस वर्षांचा समीर एका सकाळी पाव आणायला म्हणून बाहेर पडला, रस्त्यावरच्या नाक्यावर बंदूकवाल्यांनी त्याचं ओळखपत्र पाहिलं आणि त्याला गाडीत घातलं. पुढे काही नाही. प्रेत नाही, चिठ्ठी नाही, तुरुंगाचा पत्ता नाही. हे तिने आमच्या किचनमध्ये बसून सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ नखं पाहत राहिले आणि मग मराठीतच म्हणाले, "नाव वाचूनच नेलं ना." आई म्हणाली, "आपल्याकडेही समीर असतात." तिला दुसरं काय बोलावं सुचलं नसणार.

समीरचा फोटो नजलामावशीच्या मशीनवर भिंतीला लावलेला होता. पासपोर्टच्या आकाराचा, काळा-पांढरा, मिशा नुकत्याच फुटलेल्या, कॉलरचं एक टोक वर. त्या फोटोखाली बसून ती एक कविता लिहायची, तिच्या सगळ्या लिखाणात मला कळलेली ती एकच कविता. तिची रीत अशी की वर्षातून एकच ओळ लिहायची, सप्टेंबरात, त्याला नेलं त्या दिवशी. आणि प्रत्येक ओळीत समीर एक वर्षाने मोठा व्हायचा. पहिल्या वर्षीची ओळ: यंदा माझ्या भावाने मिशा काढल्या, वरचा ओठ उघडा पडला. मग पुढच्या वर्षी: यंदा त्याने सिगारेट सोडली आणि दिवाळखोरासारखं तोंड करून पुन्हा धरली. मग एका वर्षी त्याला चष्मा लागला, एका वर्षी अक्कलदाढ काढली, एका वर्षी न्हाव्याने त्याला आरशात पहिला पांढरा केस दाखवला. मी ती कविता ऐकली तेव्हा तिच्यात चौदा ओळी होत्या आणि समीर छत्तिसावं ओलांडून चाललेला, पोट जरा सुटलेला आणि 'यंदा जिना चढताना मध्ये थांबतो' इथवर आलेला होता. फोटोतला पोरगा मात्र बावीसचाच.

त्या कवितेचं मराठी मी केलं. दर गुरुवारी शाळेतून आले की मी खाली जायचे. ती अरबी ओळ मोठ्याने म्हणायची, मग इंग्रजीत अर्थ सांगायची, मग हातांनी, मग कधी कपड्यावर टाके घालून दाखवायची, आणि मी मराठीत लिहून तिला वाचून दाखवायचे. मराठीचं एक अक्षर तिला कळत नव्हतं, तरी ती मान तिरकी करून ऐकायची आणि म्हणायची, "इथे लांब झालं. समीर एवढं बोलत नाही." आणि खरंच तिथे लांब झालेलं असायचं. आपण लेखिका होणार अशी तेव्हा माझी खात्री पटलेली होती. मी उघड सांगत नसे, पण रंगीत पेनांचा एक सेट घेऊन ठेवला होता आणि आरशासमोर सहीसुद्धा करून पाहिली होती. आज हसू येतं. मी पुढे झाले दातांची डॉक्टर, आणि अक्कलदाढ काढताना अजून कधीकधी ती ओळ आठवते.

एकदा गुरुवारी गेले तर मशीन बंद होतं आणि ती एक सरकारी कागद पुढ्यात घेऊन बसलेली. युद्ध संपून काही वर्षं झाली होती. तिच्या चुलत भावाने तो कागद पाठवला होता. आता तिकडे असा नियम झाला होता की इतकी वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाला घरच्यांच्या सहीने मृत ठरवता येतं. चुलत भावाने लिहिलं होतं, सही कर, सगळे करून राहिलेत, आता पुढे जायला हवं. तिने मला तो कागद वाचून दाखवला, अगदी शांतपणे, आणि मग त्याची घडी करून मशीनच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारली. "तो मेला असेल तर ज्यांनी मारला त्यांनी सही करावी," ती म्हणाली. "मी का करू?" पुढची सगळी वर्षं ते मशीन त्या कागदावर उभं होतं.

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात आईला दोष देणं फार सोपं आहे.

आमच्या लोकांचा एप्रिलमधला जयंतीचा कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात व्हायचा. नागपूर, पुणे, मुंबई, औरंगाबाद, सगळीकडची मिळून तीस-चाळीस घरं. कुणी इंजिनिअर, कुणी नर्स, कुणी अजून शिकणारे. वंदना व्हायची, भाषणं व्हायची, पोरांची गाणी, मग फॉइलच्या ट्रेमधलं जेवण. आणि आमच्याकडे एक टेबल असायचं. ते भारतात कुठे असेल असं मला वाटत नाही, ती आमची इथली रीत. पांढऱ्या कापडाच्या त्या टेबलावर त्या वर्षी तिकडे वारलेल्यांचे फोटो ठेवायचे, ज्यांच्या अंत्ययात्रेला आपण पोचू शकलो नाही अशांचे. कुणाचा व्हिसा अडकलेला, कुणाला सुट्टी मिळाली नाही, कुणाला फोनच दोन दिवसांनी आलेला. फोटोला हार, पुढे मेणबत्ती, नाव घेऊन एक मिनिट उभं राहायचं. आईने पहिल्याच वर्षी तिथे आजीचा फोटो ठेवला होता. आजी गेली तेव्हा आमचे कागद कुठल्या तरी ऑफिसात पडून होते, देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. आई त्या दिवशीही डे-केअरला गेली होती. त्या टेबलासमोर उभी राहून ती पहिल्यांदा रडली, आणि गाडीत बसताना म्हणाली, "आता कुठे मला तिला पोचवल्यासारखं वाटलं." आईच्या लेखी त्या टेबलावर जागा देणं म्हणजे माणसाला द्यायची सगळ्यात मोठी गोष्ट होती.

त्या वर्षी कमिटीच्या रमेशकाकांनी आईला विचारलं, तुमच्या खालच्या कवयित्रीबाईंना बोलवा की, आपल्या पोरांनाही जरा जग कळू दे. नजलामावशी वाचणार अरबीत आणि मी मराठीत, असं ठरलं. इथे आल्यापासून ती पहिल्यांदाच लोकांसमोर वाचणार होती. ती आठ दिवस स्वतःसाठी निळा ड्रेस शिवत होती आणि मी आरशासमोर ओळी पाठ करत होते. मग आई एका संध्याकाळी म्हणाली, "मित्रा, त्या पोराचा फोटो मागून आण. मोठा करून घेऊ." का, ते मी विचारलं नाही. मी खाली गेले आणि सांगितलं, कार्यक्रमासाठी समीरचा फोटो हवाय. नजलामावशीने हातातली पँट खाली ठेवली. तिच्या देशात बेपत्ता पोरांच्या आया फोटो हातात धरून चौकात उभ्या राहतात, हे तिनेच मला सांगितलेलं. लोकांनी चेहरा पाहावा, कुणीतरी ओळखावा, म्हणून. तिला वाटलं आम्ही तेच करतोय. तिने खुर्चीवर चढून फोटो काढला, बाहीने पुसला आणि माझ्या हातात दिला. "मोठा करा," ती म्हणाली. "तुमचे लोक खूप हिंडतात. कुणी सांगावं, कुणी पाहिला असेल." मी औषधांच्या दुकानातल्या फोटोच्या काउंटरवर तो मोठा करून घेतला. मोठा केल्यावर कळलं, त्याच्या कपाळावर एक छोटीशी खूण होती.

आदल्या दिवशी दुपारी आई किचनच्या टेबलावर सुपरमार्केटमधली पांढरी फुलं घेऊन बसली. धागा तुटत होता म्हणून तिने मला खाली पाठवलं, आणि नजलामावशीने कोटाच्या बटणांसाठी वापरतात तो पक्का पांढरा धागा रीळभर दिला. कशाला हवाय हे तिनेही विचारलं नाही. मी वर आले, सुईत धागा ओवून दिला आणि समोर बसून पाहत राहिले. आई चार हार करत होती. तीन फोटो कुणाकुणाचे ते मला माहीत होतं, आणि चौथा आमच्या किचनच्या ओट्याला टेकून उभा होता. "बिचाऱ्याला कुणी फूलसुद्धा वाहिलं नसेल गं," आई म्हणाली. "एवढी वर्षं झाली. त्या बाईला कुणी चार माणसं मिळाली नाहीत उभी राहायला. आपण उभे राहू." तिचे डोळे भरलेले होते. तिला कविता ठाऊक होती, पण तिच्या लेखी ती बहिणीची माया होती, वेड्या आशेची. मला मात्र ठाऊक होतं की ती आशाबिशा काही नव्हती. ते काम होतं. ती बाई दर वर्षी त्याला एक वर्ष पुढे नेत होती, दुसरं कुणी ते करणार नव्हतं. मी तोंड उघडलं असतं तर आईने हार बाजूला ठेवला असता, तिने माझं ऐकलं असतं. पण मी गप्प बसले, आणि का ते सांगते. कारण मलाही वाटत होतं की तो मेलाय. छत्तीस वर्षांचा, पोट सुटलेला समीर मी मराठीत आणत होते आणि मनात म्हणत होते, बिचारी. ते मला आजतागायत टोचतं.

कार्यक्रमाला पोचलो तेव्हा हॉल भरलेला होता. आई आधीच जाऊन टेबल लावून आली होती. नजलामावशी निळ्या ड्रेसमध्ये पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसली, मांडीवर वही, आणि मागच्या खुर्च्यांत समीरला ओळखेल असं कुणी आहे का ते वळून वळून पाहत होती. टेबल बाजूला होतं, तिच्या ते लगेच लक्षात आलं नाही. वंदनेला सगळे उभे राहिले तशी तीही राहिली. मग रमेशकाका माइकवर आले आणि एकेक नाव घेऊ लागले. कुणाची आजी, कुणाचे वडील, कुणाचा थोरला भाऊ. आणि मग, "आपल्या आजच्या पाहुण्या नजलाताई यांचे बंधू समीर यांना आपण सर्व आदरांजली वाहू या." सगळे गप्प उभे राहिले. त्या मराठीतून तिला एकच शब्द कळला. ती आनंदाने माझ्याकडे वळली आणि कुजबुजली, "समीरबद्दल काय म्हणाला? कुणी ओळखलं?"

चौदा ओळी मी मराठीत आणल्या होत्या, पण त्या एका वाक्याचं काय करावं ते मला कळेना. मी नुसतं टेबलाकडे पाहिलं. मग तिनेही पाहिलं. मेणबत्त्या, पांढरं कापड, तीन म्हातारी माणसं हार घातलेली, आणि चौथा समीर. "ते बाकीचे कोण?" तिने विचारलं. मी म्हणाले, "ज्यांच्या अंत्ययात्रेला आम्ही जाऊ शकलो नाही, ते." एक मिनिट संपायचं होतं, सगळे माना खाली घालून उभे होते. ती रांगेतून बाहेर पडली आणि टेबलाकडे गेली. मला वाटलं आता ती किंचाळेल, हार ओरबाडेल. तिने पर्समधून तिची छोटी कात्री काढली, फोटो पालथा केला आणि मागची गाठ शोधून अगदी गाठीजवळ धागा कापला, फुलं सुटू नयेत असा. हार उचलून कापडावर नीट ठेवला, मेणबत्तीपासून दूर. समीरला छातीशी धरलं आणि दाराबाहेर गेली. लोकांना वाटलं तिला भरून आलं असेल. रमेशकाका म्हणालेसुद्धा, "आपण त्यांच्या दुःखात सहभागी आहोत."

मी पार्किंगमध्ये गेले तेव्हा ती आमच्या गाडीला टेकून उभी होती. मी सॉरी म्हणाले, पुन्हा म्हणाले. ती म्हणाली, "तुझ्या आईला माहीत नव्हतं. तुला होतं." एवढंच. कविता वाचली गेली नाही. बाबांनी गाडी चालवली, आई पुढे आणि आम्ही दोघी मागे, आमच्यामध्ये फोटो. आईला अजून नीटसं काही कळलं नव्हतं. तिने दोनदा मागे वळून विचारलं, "काहून गं, काय झालं तिला? बरं वाटत नाही का?" मी म्हणाले, घरी सांगते. घरी सांगितलं तेव्हा आई खुर्चीवर बसून राहिली, शालसुद्धा न काढता. मग म्हणाली, "मी तिच्याच धाग्याने केला गं तो हार."

दुसऱ्या दिवशी आईने पुरणपोळ्या केल्या आणि स्वतः डबा घेऊन खाली गेली. दार उघडलं, डबा घेतला गेला, दार लागलं. दोन दिवसांनी डबा जिन्याच्या पायरीवर होता, घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा. आईने झाकण उघडून आत पाहिलं, पुन्हा लावलं आणि तो ओट्याखालच्या कपाटात मागे ठेवून दिला. त्या उन्हाळ्यात मशीन चालू असायचं, वेलचीचा वास यायचा, पण गुरुवारी मी माझ्या खोलीत बसून राहायचे आणि फटीतून येणाऱ्या आवाजावरून ती काय शिवतेय याचा अंदाज करायचे. आई तिला दिसली की हात जोडायची, तीही मान हलवायची. त्याहून जास्त काही झालं नाही. आईने एकदा भाजी निवडता निवडता आपल्याशीच म्हटलं, "माझ्या आईला मी पोचवलं म्हणून मला वाटलं सगळ्यांनाच पोचवायचं असतं."

सप्टेंबरात ती घर सोडून गेली, मिशिगनला, एका मैत्रिणीकडे. आम्हाला ट्रक आला तेव्हाच कळलं. आई गॅलरीतून पाहत होती, खाली जायचा धीर होईना. मग एकाएकी आत गेली, कपाटातून तो डबा काढला, घरात होते तेवढे बेसनाचे लाडू भरले आणि माझ्या हातात दिला. "जा. तू जा." नजलामावशी ट्रकच्या पुढच्या सीटवर बसली होती, मशीन मागे दोरीने बांधलेलं. तिने डबा घेतला, झाकण उघडलं, लाडू एका रुमालात काढून घेतले. मग पर्समध्ये हात घालून काहीतरी डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि डबा मला परत दिला. ट्रक गेला. मी जिन्यातच बसून उघडला. वहीतला फाडलेला कागद होता, वर अरबी ओळ आणि खाली तिच्या वाकड्या इंग्रजीत अर्थ. पंधरावी ओळ. मी तिचं मराठी तिथेच केलं, आणि वर जाऊन आईला वाचून दाखवलं:

यंदा माझ्या भावाचं लग्न झालं, परक्या लोकांनी त्याच्या गळ्यात पांढरी फुलं घातली.

आईने ते दोनदा वाचायला लावलं. मग ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तिकडेच पाहत म्हणाली, "लग्नातही हार घालतातच की. मला सुचलंच नाही बघ." आणि मग ती रडली, त्या टेबलासमोर रडली होती त्याहून जास्त. तो कागद तिने आजीच्या त्याच डब्यात ठेवला, आणि त्यात पुन्हा कधी काही खायचं भरलं नाही.

पुढे कॉलेज, नोकरी, लग्न, मुलगा, आणि या सगळ्यात मी तिला शोधलं नाही. लाज, दुसरं काय. गेल्या हिवाळ्यात लायब्ररीत तिचं पुस्तक हाती आलं, इंग्रजी भाषांतर, दुसऱ्याच कुणी केलेलं. मी उभ्या उभ्या ती कविता काढली. पंधरा ओळी. पुढे कोरं पान. मी पुन्हा पुन्हा पान उलटून पाहिलं. एवढी वर्षं गेली आणि त्यात एकही ओळ नाही. म्हणजे आम्ही घातलेल्या हाराने तो तिथेच संपला, असं मला वाटलं. प्रकाशकाकडून नंबर मिळवायला महिना लागला आणि फोन करायला आणखी एक.

आवाज म्हातारा झाला होता, पण "मित्रा" असं तिने लगेच म्हटलं, जशी मी काल गुरुवारी यायची राहिले होते. मी घाईघाईने सगळं बोलून टाकलं, सॉरी, टेबल, आईचा हार, आणि मग विचारलं, ओळी का थांबल्या. मागे कुठे तरी नळ चालू होता.

"लग्न झालं ना त्याचं," ती म्हणाली. "आता त्याचे पांढरे केस त्याच्या बायकोने मोजावेत. मी किती वर्षं मोजू? मी थकले, मित्रा." मग जरा हसल्यासारखं करून म्हणाली, "सही मात्र केली नाही हं. तो कागद अजून मशीनच्या पायाखाली आहे."

मी रडत होते, तिला ऐकू जात असणार. ती माझं रडणं संपायची वाट पाहत थांबली. मग तिने विचारलं, "आणि तुझी आई? आता किती वर्षांची आहे?"

मी शेल्फकडे पाहिलं. आई गेली तेव्हा शहात्तर वर्षांची होती. सांगायला काहीच हरकत नव्हती, एक वाक्य पुरलं असतं.

"एक्याऐंशी," मी म्हणाले. "यंदा तिला जरा कमी ऐकू येतं."